मारलं म्हणजे नेमकं काय केलं

बेसा, नागपूर
९ जुलै २०२४

ती. बाबांस,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. गुंजनला शाळेत मार बसला. वही घरी राहिली म्हणून मिनल मॅडमने तिच्या तळहातावर लाकडी पट्टी मारली. हात सुजला होता. सूज उतरते आहे, काळजी नको. पण तुमच्या जावयांनी शाळा डोक्यावर घेतली.

मुख्याध्यापिका म्हणतात, तक्रार लेखी द्या, इंग्रजीतच, महिनाअखेरपर्यंत. मी तीनदा लिहिली, तीनदा फाडली. मोबाइलमध्ये एक शब्द शोधला तर बारा निघाले. हिट, बीट, स्ट्राइक, स्लॅप, थ्रॅश, आणि एकेकाच्या पोटात आणखी दहा अर्थ! हे म्हणतात, सगळ्यात भारी शब्द टाक. मुख्याध्यापिका म्हणतात, भारी शब्द आला तर मॅडमची नोकरी जाईल, हलका आला तर समज देऊन सोडू. ती पोर तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. काल घरी येऊन रडून गेली. गुंजनला विचारलं तर म्हणते, दोनच मारल्या पण लय दुखलं. मागच्या महिन्यात मीच तिच्या पाठीत एक धपाटा घातला होता, तो यातल्या कशात मोडतो तेही कळेना.

तुम्ही तीस वर्षं गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलंत. नेमका शब्द कळवा. आईला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या, आणि उत्तराला उशीर करू नका.

आपली,
हर्षा


ता. नरखेड
१३ जुलै २०२४

चि. सौ. हर्षास,
शालिकरामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, त्या भेटीत दाखवीन.

मोबाइलने तुला उगाच घाबरवलं. हिट म्हणजे एकच घाव. गाणं चाललं तरी हिट. घड्याळात तास वाजले तरी स्ट्राइक, एसटीवाले संपावर गेले तरी स्ट्राइक, आणि डोक्यात काही अचानक आलं तरी स्ट्राइकच. थ्रॅश म्हणजे झोडपणं. सोयाबीन काढतो त्या थ्रेशरचा तो भाऊबंद. आता बीट. काळीज धडधडतं ते बीट, ढोल वाजवणं बीट, तू अंडं फेटतेस ते बीट, आणि आपल्या शाळेने तालुक्याच्या कबड्डीत सगळ्यांना हरवलं तेही बीट.

मला विचारशील तर टॅप लिही. हलकेच ठोकणं. प्रकरण मिटेल. दोन पट्ट्यांनी कोणी मरत नाही. तीस वर्षं माझ्या हातात छडी होती, गावातला एक बाप तक्रार घेऊन आला नाही. उलट वाटेत भेटले की म्हणत, गुरुजी, आमच्या पोट्ट्याले सोडू नका. तेच पोट्टे आता पाया पडतात.

गुंजनच्या हाताला हळद लाव. तुझ्या आईचे आशीर्वाद. मुलांना जपा, आम्हाला आठवणीत ठेवा.

तुझे,
बाबा


बेसा, नागपूर
१८ जुलै २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र परवा गुंजनने मोठ्याने वाचलं. गांधीबागेतलं त्याचं कापडाचं दुकान बंद होतं म्हणून सुशीलदादा आला होता. कबड्डीपर्यंत सगळे हसत होते. मग गुंजन म्हणाली, आजोबांनी बीटचे चार अर्थ लिहिले, पण आमच्या पुस्तकातला पहिला अर्थच नाही, माणसाला मारणं. आणि दादाला विचारलं, मामा, आजोबांनी तुला कधी मारलं का? दादा म्हणाला, मले काही आठवत नाही. चहा तसाच ठेवून उठला. काहून चालला म्हणून मी दारापर्यंत गेले, तर नुसता हात हलवून निघाला.

बाबा, मला आठवतं. तो सातवीत होता, मी पाचवीत. आमच्या वर्गाच्या खिडकीतून तुमचा वर्ग दिसायचा. त्याचं स्पेलिंग चुकलं होतं. संत्र्याची ओली काडी मोडली तेव्हा तुम्ही दुसरी मागवलीत. नऊ दिवस तो शाळेत आला नाही. आज चाळिशी उलटली त्याची. दिवाळीला येतो, आईजवळ बसतो, तुमच्याशी पाण्यापावसाचं बोलतो.

त्यालाही टॅपच म्हणायचं का? मला तुमचा राग आला आहे आणि वाईटही वाटतं आहे. त्यात मिनल मॅडमचं काय करू ते सुचत नाही. जास्त लिहिलं गेलं असेल तर लेक म्हणून पोटात घाला.

आपली,
हर्षा


ता. नरखेड
२४ जुलै २०२४

चि. हर्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळून दोन दिवस झाले. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या दिवशी पोराच्या पाठीले मी तेल लावून राहिली होती, अन् तुम्ही तिथंच पेपर तपासत बसले होते. एवढं बोलून भाजी निवडायला लागली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदा बोलली.

पहिला अर्थ मी विसरलो नव्हतो. माझी सवय तुला ठाऊक आहे, शब्द सांगितला की वाक्य करायचं. लिहायला बसलो, एकच वाक्य सुचलं, सुशीलचं, आणि मी पुढे अंड्यावर गेलो. गुरुजींच्या पोराला सूट मिळते असं कोणी म्हणू नये, म्हणून दुसऱ्याला दोन तर त्याला दहा. गावात नाव चांगलं राहावं म्हणून मी माझ्या लेकराला बदडलं. मला लाज वाटते. एकही बाप तक्रार घेऊन आला नाही असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना? सुशीलचा बाप कुठून येणार, तो तर काडी धरून उभा होता.

टॅप लिहू नकोस. भारी शब्दही नको. कशाने मारलं, किती, कुठे, हात किती दिवस सुजला, तेवढं लिही. मॅडमला नोकरीवर ठेवा, पण पट्टी काढून घ्या, हेही लिही. तक्रार मात्र दे. माझी कोणी केली असती तर मी थांबलो असतो असं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

सुशीलला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात इंग्रजी काही नाही. मी तुला मारलं, चूक माझी होती, एवढंच आहे. आज सकाळी त्याचा तुझ्या आईला फोन आला, चार तारखेच्या रविवारी येतो म्हणाला. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. तो समोर येऊन बसला तर मी काय बोलू, ते मला सुचत नाही. रविवारच्या आत पोहोचेल असं तेवढं लिहून पाठव.

तुझे,
बाबा