ह्यांच्या खुर्चीवरून

ता. ६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. मी वेळेवर जेवते, काळजी नसावी.

तुमच्या भावानं नाट्यगृहाच्या सज्ज्यातली एक खुर्ची वर्षभरासाठी घेऊन ठेवली होती, हे तुम्हाला माहीत आहे. ते जाऊन चार महिने झाले, खुर्ची तशीच होती. आमची चिमणी म्हणाली की खाली वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवताना वर नजर गेली की ती रिकामी दिसते, तर तू येऊन बस. मी जन्मात कधी गेले नव्हते. मला गिरणीच्या पाळ्या असायच्या आणि गाण्याबजावण्याचं खातं ह्यांच्याकडे होतं.

काल दुपारी गेले. बॅले होता. वादक मंडळी रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात. कठड्यावरून वाकून चिमणी शोधली आणि नजर हलवली नाही. मध्यंतरात शेजारच्या बाईंनी नायिका कशी वाटली म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुठली? तासभर वर माणसं नाचत होती म्हणे.

बाहेर आल्यावर चिमणीनं कसं झालं ते विचारलं. मी छान म्हणाले. तिचा चेहरा पडला. बाबा कधी नुसतं छान म्हणायचे नाहीत, असं म्हणाली. दोन वर्षं ती तिथे तात्पुरती आहे. फेब्रुवारीत कायम जागेची परीक्षा आहे, नाही निवडलं तर घरी बसायचं. आणि हे गेल्यापासून ती सराव करत नाही.

लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.
तुमची वहिनी


ता. १५ नोव्हेंबर

चि. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. अगं, तिकडे माणसं चवड्यांवर उभी राहून जीव टाकतात आणि तू खड्ड्यात डोकावतेस! निदान नायिकेच्या कपड्याची वीण तरी बघायचीस.

चेष्टा पुरे. छान म्हणून सुटू नकोस. माझ्या भावाला तोंडावर बोलायची खोड होती. दहा वर्षांचा असताना त्यानं मला सांगितलं की ताई, तू गाऊ नकोस, बाकी काहीही कर. मी त्याला चपलेनं मारलं. पण गायचं सोडलं आणि गल्ली सुखी झाली.

पुन्हा जा. आणि लिही.
तुझी वन्सं


ता. १२ डिसेंबर

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
साष्टांग नमस्कार.

ह्या वेळी नाच नव्हता, नुसतं वादन होतं. सगळे वर उजेडात बसले होते. मला सुरातलं कळत नाही, म्हणून गिरणीत सव्वीस वर्षं कापड तपासलं तसंच तपासलं. तिथे काचेखाली दिवा असायचा, वरून कापडाचा ताका सरकत जायचा. आम्ही नक्षी बघत नसू, दोष तेवढा बघत असू.

तसा एक दिसला. बाकीच्यांचे व्हायोलिनचे गज एकदम खाली येतात. चिमणीचा केसभर मागून येतो. तिच्या शेजारी वाजवणारीनं सुरू केलं की मग ती सुरू करते. आधी वाटलं मलाच भास झाला. नंतर कार्यक्रमाच्या कागदाच्या कडेला खुणा केल्या. अकरा झाल्या.

बाहेर आल्यावर पुन्हा छानच म्हणाले. धीर झाला नाही. मी गिरणीतली बाई, तिला काय शिकवणार? आणि आधीच खचलेल्या पोरीला काय सांगू?

तुम्हीच सांगा.
तुमची वहिनी


ता. २० डिसेंबर

चि. वहिनीस,
आशीर्वाद.

दोष असलेला ताका तू छान म्हणून पुढे ढकलला असतास का? मग पोटच्या पोरीला का ढकलतेस? परीक्षेत परकी माणसं हेच सांगतील, आणि पुढची संधी देणार नाहीत. रडेल, रडू दे. आत्या आहे म्हणावं, इकडे येऊन रड.

कळव लगेच. माझे डोळे वाटेकडे लागलेत.
तुझी वन्सं


ता. २ मार्च

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, रागावू नये. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कणीक मळता मळता सांगून टाकलं. कागद पुढे ठेवला. चिमणीनं अकरा खुणा मोजल्या आणि उठून गेली. दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. मी ताट दाराशी ठेवायची, रिकामं परत यायचं, एवढाच आधार. तिसऱ्या दिवशी दार लावून वाजवायला बसली. मग म्हणाली की बाबा गेल्यापासून पहिला सूर आपला आपण लावायची भीती वाटते, शेजारणीचा आधार घेते, ते कुणाला दिसलं नव्हतं.

परीक्षा पडद्याआडून एकेकट्यानं झाली, कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसत नाही. तिथे शेजारीण नव्हती. सातजणांतून चिमणीला घेतलं. कायम केलं.

काल त्यानंतरचा पहिला कार्यक्रम होता. बाहेर येताच तिनं विचारलं. मी सांगितलं की दोन ठिकाणी बाकीचे जोरात वाजवत असताना तू दबून वाजवलंस. तर रस्त्यात उभी राहून कडाडली! तिथे हळूच वाजवायचं असतं, न समजता बोलू नकोस, आधी ऐकायला शीक, आणि कागदावर खुणा करायच्या तर पेन्सिल तरी नीट टोक काढून आण. लोक वळून बघायला लागले. मीही सोडलं नाही. घर येईपर्यंत वाद चालला.

वन्सं, पूर्वी कार्यक्रमानंतर ह्यांच्याशी भांडायची ना, अगदी तशी भांडली. फार बरं वाटलं.

तुमच्या मायेची धनी,
वहिनी