नक्षीच्या कागदामागे

१० नोव्हेंबर, रविवार
फुलपाखराची मिशी तुटली. कागद कापायची डाय नीट बसवली होती, तरी तुटली! चौथ्यांदा अख्खं निघालं. प्रज्ञाताई असत्या तर म्हणाल्या असत्या — हँडल सावकाश फिरव यार, पोळ्या लाटतोयस का? दिल्लीत द्वारकेतल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली, एक मशीन, एक टेबल, त्या आणि मी. एवढाच आमचा ग्रीटिंग कार्डांचा कारखाना. आज रविवार म्हणून मी एकटाच होतो. चावी देतात मला.

कार्ड ऑर्डरचं नव्हतं. दादासाठी होतं. दुपारी कँटोनमेंटमध्ये शिवांगीवहिनीकडे नेऊन दिलं. आत ती लिहिते आणि फौजी डाकेने पाठवते. दादा लेहच्या पुढे, बर्फात. "फोनवर दोन मिनिटं मिळतात, भावोजी. कार्ड उशाशी ठेवता येतं." बाजारातून आणलं म्हणून सांगते. माझं नाव घ्यायचं नाही, असं मीच सांगितलंय.

१७ नोव्हेंबर, रविवार
वहिनीकडे होतो तेव्हा दादाचा फोन आला. तिने मुद्दाम स्पीकरवर टाकला.
"घरी कोण आहे?"
"भावोजी आलेत. देऊ?"
"अच्छा. तू तुझं सांग."
पोहे गार झाले. संपवले तरीही.

सोळा महिने झाले. फौजेच्या भरतीत धावताना सहा सेकंदांनी राहिलो, असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, पुन्हा धाव. मी नाही म्हणालो. तेव्हापासून बोलणं बंद. आता तर वयही उलटून गेलं.

२८ नोव्हेंबर
आमच्याकडे पद्धत आहे — प्रत्येक थराच्या मागे पेन्सिलीने ऑर्डरचा नंबर लिहायचा, म्हणजे चिकटवताना घोटाळा होत नाही. आज दादाच्या नव्या कार्डावरच्या निळ्या नक्षीच्या कागदामागे नंबर लिहायला पेन्सिल टेकवली आणि लिहिलं — दादा, मी सहा सेकंदांनी राहिलो नव्हतो.

शुद्धलेखन दोनदा तपासलं. मग चिकटवलं. गमने हा पातळ कागद सुरकुततो, म्हणून चारही कडांना दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली. कुठे फुगवटा नाही. कुणाला कधी दिसणार नाही.
बरं वाटलं. का ते माहीत नाही.

९ डिसेंबर
आज दिवसभरात मराठीत एक शब्द नाही. प्रज्ञाताई गावाला गेल्यात. "भैया, आधा लिटर दूध" — एवढंच बोललो.

१५ डिसेंबर, रविवार
गुपचूप लिहिलेलं दुसरं कार्ड. हिरवा कागद, वर कापलेली पानं. मागे — मी धावलोच नाही. छातीवर नंबर लावून गेटातून परत फिरलो. तू गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस. मला भीती वाटली.
वहिनी पानांवरून बोट फिरवत म्हणाली, "किती सफाई आहे हो तुमच्या हाताला!"

२९ डिसेंबर, रविवार
तिसरं. मागे — तू घेऊन दिलेले बूट अजून नवेच आहेत. पलंगाखाली आहेत.

भरतीआधी दादा सुट्टीवर आला होता तेव्हा महिनाभर रोज पहाटे सायकलवरून माझ्या बाजूने यायचा. "श्वास नाकाने! खांदे सोड!" स्वतःच्या सुट्टीतला महिना.

१२ जानेवारी, रविवार
वहिनी सांगत होती, दादाने विचारलं, ही कार्डं कुठल्या दुकानातली? ती म्हणाली, इथल्याच.
त्याला संशय आला असेल का? पण कागद पक्का आहे. मी स्वतः दाबलाय.

२१ जानेवारी
प्रज्ञाताई भडकल्या. मनालीच्या गिऱ्हाईकाने फोटो पाठवलेत, सगळे थर सुटलेत! "टेप लावलीस ना? अरे, पहाडातल्या थंडीत टेप अकडते आणि सोडते. तिकडे जाणाऱ्या कार्डाला गमच. नाहीतर शिवून पाठव!"
मी म्हणालो, हो ताई.
मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मनालीला सोडते, तर दादाकडे? तिन्ही टेपचीच!

२६ जानेवारी, रविवार
वहिनीकडे गेलो नाही. तिचे तीन फोन. उचलले नाहीत. तिला दादाने सांगितलं असेल. गावात कळवलं असेल. आईला.
डायांची पेटी आकाराप्रमाणे लावली. मग पुन्हा लावली.

२ फेब्रुवारी, रविवार
अनोळखी नंबर. उचलला. दादा!
आधी नुसता वारा. मग म्हणाला, "तुझ्या कार्डांचे कागद सुटले रे इथे."
मी पलंगाच्या कडेवर बसलो.
"तिन्ही वाचली. एवढंच होतं, तर तोंडाने सांगायचं की, गाढवा. मी काय खाल्लं असतं तुला?"
पुन्हा वारा. फोन कटला असं वाटलं.
"ऐकतोयस? मार्चमध्ये येतोय. ते बूट कुणाला देऊ नको. नऊ नंबर आहेत. माझाही नऊच आहे."