तातेरावला बुडबुड्यांनी हरवायचं

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
जाफराबादला अपमान झाला. पंपाच्या ऑटो स्टार्टरसाठी घरी बनवलेला सर्किट बोर्ड तातेरावच्या दुकानात दाखवायला गेल्तो. तोही असेच बोर्ड बनवून विकतो. त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर ट्यूबलाइटखाली धरला अन् म्हणाला, सोमेश्वर, हा उंदरानं कुरतडला का? सगळे हसले. मीही हसलो. ते नाटक होतं. बदला घेणार. महिन्याभरात त्याचं बोर्डाचं काम बंद.

५ फेब्रुवारी
कारण सापडलं. बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाणारं केमिकल डब्यात नुसतं पडून राहतं, म्हणून इकडं जास्त खातं, तिकडं कमी. खालून हवेचे बुडबुडे सोडले की बराबर खाईल. तेही जल्दी. तातेरावकडं बुडबुडे न्हाईत. बिचारा.

८ फेब्रुवारी
जालन्याहून माशांच्या टाकीचा एअर पंप आणला. दुकानदारानं विचारलं, मासे किती? म्हणालो, एकच, जाफराबादचा. त्याला कळलं न्हाई. नळीला सुईनं भोकं पाडली. डबा पोह्यांचा, उंच अन् अरुंद, बिलकुल फिट. तृप्ती दुपारपासून डबा शोधून राह्यली. बायकोला सगळंच सांगायचं नसतं.

९ फेब्रुवारी, दुपार
बुडबुडे जोरात. जरा जास्तच. भिंतीवर, कॅलेंडरवर, वाळत घातलेल्या साडीवर पिवळे शिंतोडे. तृप्ती म्हणाली, हे डाग जात न्हाईत, मंग तुम्हीच जा कुठंतरी. उद्या झाकण लावणार. बोर्डावर तांबंच राह्यलं न्हाई. म्हणजे स्पीड सिद्ध झाला.

१३ फेब्रुवारी
मध्येच लाईट गेली. डबा टेबलावर, पंप खाली. हवा थांबताच केमिकल नळीतून उतरलं ते थेट पंपात. पंप खलास. तृप्ती म्हणाली, पंप वर ठेवायचा की. ते मला ठाऊक होतंच, टेस्टिंग करून राह्यलो होतो. पण लाईट नेमकी आजच कशी गेली? तातेरावची ओळख कुठवर हाय ते बघावं लागंल.

२१ फेब्रुवारी
नवा पंप कपाटावर. झाकण पक्कं. अकरा मिनिटांत बोर्ड तयार! एकेक रेघ सुतासारखी सरळ. तृप्तीनंही हातात घेऊन बघितला. उद्या जाफराबाद. भाषण पाठ हाय. कमीत कमी चार गिऱ्हाइकं असतील तेव्हाच बोलायचं.

२२ फेब्रुवारी
गिऱ्हाईक एकही न्हाई. दीड तास थांबलो. शेवटी एक आला, तोही पत्ता विचारायला. त्याच्यादेखत तातेरावपुढं बोर्ड आपटून विचारलं, आता सांगा, उंदरानं कुरतडला का? तातेराव म्हणाला, कोणता उंदीर? त्याला काहीच आठवत नव्हतं. मी अठरा दिवस धड जेवलो न्हाई!

मंग त्यानं बोर्डावर चिप ठेवून बघितली. हळूच म्हणाला, भाऊ, काम एक नंबर, पण रेघांचा छापा उलटा पडलाय, आरशात दिसतो तसा. चिप पालथी बसवावी लागंल. या वेळी हसला न्हाई. तेच जास्त लागलं. मंग विचारलं, इतकं साफ कसं काय? मी सांगणारच नव्हतो. चित्र काढून सांगितलं.

२३ फेब्रुवारी, सकाळ
उद्यापासून तातेरावकडं कामावर. काल त्यानंच विचारलं. बुडबुड्यांची टाकी मी सांभाळायची, छापे तो तपासणार. तृप्तीला म्हणालो, दुश्मनाला आतून संपवायचं असतं. ती म्हणाली, बरं, पण वेळेवर जात जा. त्यानं नऊला बोलावलंय. मी पावणेनऊलाच पोचणार. धाक बसला पाहिजे.