एक नंबरचं घर

तीर्थरूप मामांना लांबूनच नमस्कार (जवळून केला असता तर कान तुमच्या हाती लागला असता). मामींचे गुडघे कसे आहेत? मी कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून तुम्ही माझं नाव टाकलंत, असं आईने कळवलं. पण मामा, राजधानीबाहेरच्या या नव्या वसाहतीत मी जे शिकतोय ते कुठल्या पुस्तकात आहे?

इथे काल भाजीचा मळा होता तिथे आज नुसता जिना उभा असतो, आणि परवा त्या जिन्याला घर फुटतं. दुकान आधी येतं, रस्ता मागाहून विचारपूस करत येतो. पत्ता सांगताना लोक अजून "विहिरीपाशी" म्हणतात. विहीर बुजून तिच्यावर सलून झालंय (खुर्ची जरा डगमगली की जुनी गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीने उठतात). घरांना नंबर दिलेत ते ती बांधून झाली त्या क्रमाने, म्हणून सातच्या शेजारी दोनशे बारा! नवे नंबर रंगवायला नगर कचेरीने मला नेमलं. हुकूम एवढाच, "सुरुवातीपासून सुरू कर." आता वसाहतीची सुरुवात कुठे? चार दिवस विचारत हिंडलो. जुना माळी म्हणाला, माझ्या खोपटापासून. किराणावाला म्हणाला, माझ्या गल्ल्यापासून. शेवटी डोकं तापलं (माझं डोकं तुम्हाला ठाऊकच आहे) आणि निवृत्त हेडमास्तरांच्या दारावर भला मोठा एक काढला. त्यांची मुलगी तेव्हा खिडकीत केस वाळवत होती, हा निव्वळ योगायोग.

तेव्हापासून प्रत्येक नवखा मोजायला तिथूनच लागतो. फरशीवाला, पोस्टमन, सामानाने भरलेला टेम्पो, सगळे त्यांचीच कडी वाजवतात. काल हेडमास्तर कडाडले, "कोण तो गाढव? हे घर आहे की चौकशीची खिडकी?" मी छाती काढून म्हणालो, "गाढव मीच!" मामा, होणाऱ्या सासऱ्याशी पहिली ओळख ही अशी.

नंबर बदलायला नकाशा खात्याची मंजुरी लागते, आणि ते खातं तुमचंच. अर्ज सोबत जोडलाय. तातडीने सही करा, नाहीतर ते दार मला कायमचं बंद.

तुमचा, नाव टाकलेला तरी भाचाच

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच हेडमास्तरांचा निरोप आला. मंजुरी येईपर्यंत मी रोज त्यांच्या पायरीवर बसून लोकांना वाट दाखवायची, ही शिक्षा.

आणखी ता. क. : आज नवी कुठली गल्ली फुटली हे मुलीला जास्त ठाऊक असतं, म्हणून ती शेजारी बसून सांगते. मामा, तुमच्या खात्यात कागद वर्षभर हलत नाही असं लोक म्हणतात. त्यांना खोटं पाडू नका.