दोनदा पुसलेला प्याला

रविवार, १ जून

दोनदा पुसला!

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही वेदीपुढच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकलेले. पाळकसाहेब प्याला घेऊन एकेकापुढे येतात. माणूस द्राक्षरसाचा घोट घेतो, साहेब पांढऱ्या रुमालाने कड पुसतात, प्याला जरासा फिरवतात, की पुढचा माणूस. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हेच पाहतेय. एक घोट, एक पुसणं. आज धाकट्याने घोट घेतला. साहेबांनी कड पुसली. थांबले. रुमालाची घडी उलटली. पुन्हा पुसली! आणि प्याला चांगला अर्धा फिरवला.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. चार वर्षं तुरुंगात काढून एप्रिलमध्ये सुटला. दारू पिऊन टेम्पो चालवत होता. रस्त्याकडेला एक माणूस चाक बदलत होता, तो गेला. त्याला बायको होती, दोन मुली होत्या. हे इथे लिहून ठेवते, कारण आता मी भावाच्या बाजूने भांडणार आहे, आणि ‘ही सगळं सोयीने विसरली’ असं निदान या वहीने तरी म्हणू नये.

त्याच्यानंतर प्याला माझ्यापुढे आला. प्याला मीच अर्धा उलटा फिरवला, त्याने ओठ लावले होते तिथेच ओठ लावले आणि घोट घेतला — चांगला घसघशीत. साहेब दचकले. दचकू देत.

सोमवार, २ जून

चर्चच्या मंडळीचं सगळं पांढरं माझ्या लाँड्रीत येतं. वेदीवरची चादर, साहेबांचा झगा, गायकांचे झगे, आणि तो रुमाल. लाँड्रीवालीपासून मंडळीचं काही लपत नाही. उपदेशात अश्रू ढाळणाऱ्यांचे रुमाल कोरडे ठणठणीत असतात हे मला माहीत आहे. कमिटीचे सेक्रेटरी दर वर्षी व्यसनमुक्तीवर तासभर बोलतात, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात तपकिरीची डबी निघते. मी डबी पुडीत बांधून शर्टाबरोबर परत देते. ते ‘आभारी आहे’ म्हणतात. दोघंही आणखी काही बोलत नाही.

आजचा रुमाल धाकट्यानेच इस्त्री केला. सुटल्यापासून माझ्याकडेच काम करतो. आई आणि तो लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. चार पदरी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा. तुरुंगात शिकला म्हणे. तिथून काहीतरी सरळ घेऊन आला!

कोणता रुमाल ते त्याला कळलं होतं. घडीवरून हात फिरवला आणि ठेवून दिला.

गुरुवार, ५ जून

सेक्रेटरी शर्ट न्यायला आले. जाता जाता म्हणाले, “बाई, कमिटीच्या मनात एक विचार आहे. प्याल्याऐवजी छोटे छोटे ग्लास आणावेत. ज्याचा त्याला. आरोग्याच्या दृष्टीने.”

“कोणाच्या आरोग्याच्या?”

“सर्वांच्याच.”

“इतकी वर्षं सगळे एकमेकांचं उष्टं पीत होते तेव्हा आरोग्य कुठे गेलं होतं? तुरुंग संसर्गजन्य असतो का हो?”

लाल झाले. काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं, मिटलं. शर्ट काखोटीला मारून गेले.

आमचे हे आत सगळं ऐकत होते. हे मंडळीत पेटी वाजवतात, त्यामुळे यांना मत नसतं, सूर असतो. म्हणाले, “अगं, तुझं बरोबर आहे. पण जरा कमी बरोबर बोलत जा.”

रविवार, ८ जून

ग्लासांची जाहीर सूचना झाली. बावीस तारखेला मंडळीची सभा, मग निर्णय. उपासना संपल्यावर मी साहेबांना गाठलंच. गरीब माणूस. धुतलेल्या पण न पिळलेल्या चादरीसारखा स्वभाव — स्वच्छ आहे, पण उचलायला गेलं की लोंबतो.

“साहेब, माझ्या भावाच्या वेळी दोनदा का पुसलंत?”

“दोनदा?” खरंच आठवेना त्यांना. मग आठवलं, आणि चेहरा उतरला. “अहो, हात... हात आपोआप गेला.”

हातानेच तर घात केला ना! तोंडाने साहेब क्षमेवर फार छान बोलतात. हाताला अजून उपदेश पोचलेला नाही.

बुधवार, ११ जून

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या गायकवर्गातल्या बाई: “आम्हाला तुझ्या भावाचं काही नाही गं. पण लहान मुलं असतात ना.” लहान मुलांना आमच्याकडे प्रभुभोजन देतच नाहीत! तसं म्हटलं. बाई म्हणाल्या, “तेच तर.”



शनिवार, १४ जून

धाकटा बोलला. एरवी दिवसभरात ‘हो ताई’, ‘झालं ताई’, ‘कॉलर कडक की मऊ ताई’.

आज इस्त्री उभी करून म्हणाला, “ताई, तू सभेत बोलू नकोस.”

“का नको?”

“पुसू दे की त्यांना. मी स्वतःला पुसायला बसतो तेव्हा दोनदाने भागत नाही.”

“ते तुझं आणि देवाचं. हे माझं आणि कमिटीचं!”

“मला फक्त तिथे बसायचंय, ताई. मागच्या बाकावर. बाकी काही नको.”

मागच्या बाकावर! आमच्या बापाने त्या देवळाच्या भिंतींना चुना फासला, तो पुढून मागे सगळीकडे फासला होता. मी म्हटलं, तू पुढे बसायचंस, माझ्या शेजारी, आणि मान वर. त्याने इस्त्री उचलली आणि एका बाहीवरून पाच मिनिटं फिरवत राहिला. बाही कधीच सरळ झाली होती.

आई कोपऱ्यात मनुका निवडत होती. मंडळीचा द्राक्षरस आईच करते. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. एरवी दोन भावंडांच्या मध्ये तिची जीभ आधी पोचते. आज काही बोलली नाही. वय झालं.

रविवार, २२ जून

सभा. 

सेक्रेटरींनी कागद न बघता सांगितलं की ग्लास बरे, सुटसुटीत, कोणालाच संकोच नाही. ‘कोणालाच संकोच नाही’ हे दोनदा म्हणाले. मग मी उठले.

मी म्हटलं, “प्रभूने शेवटच्या भोजनाला माडीवर प्याला फिरवला तेव्हा त्याला धरून देणारा तिथेच बसला होता. नाकारणारा पण होता. पळून जाणारे तर सगळेच. कोणी रुमाल काढल्याचं लिहिलेलं नाही. माझ्या भावाने पाप केलं, शिक्षा भोगली, आणि तो माणूस परत येणार नाही हे त्याला रोज सकाळी उठल्यावर पहिलं आठवतं. तुमच्यातल्या कोणाला स्वतःचं काय आठवतं ते सांगा, मग ग्लास आणू. वाटल्यास मोठा ग्लास आणू!”

मागून कोणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, “बाई, इथे कोणाच्या पापाचा विषय नाही. आरोग्याचा...”

“आरोग्याचीच काळजी असेल तर आधी वरच्या खिशातली तपकिरीची डबी काढा!”

हॉल असा हसला की छतातली कबुतरं उडाली. सेक्रेटरींचा हात खिशाकडे गेला — आपोआप! त्यांनी एकदा आईकडे पाहिलं. मदतीला म्हातारी शोधत होते, मिळते आहे! आई आपल्या तळहाताकडे बघत बसली होती. मग सेक्रेटरी म्हणाले, “मला आणखी काही सांगायचं नाही,” आणि खाली बसले.

निर्णय साहेबांनी दिला, त्यांच्या स्वभावाप्रमाणे लोंबता. डावीकडे ग्लास, उजवीकडे प्याला. ज्याला जिथे जायचं तिथे.

ठीक! आता कोण कुठे जातो ते उघड्यावर दिसेल.

परत येताना आमचे हे म्हणाले, “डबीचं नव्हतं बोलायचं.” मी म्हटलं, लढाईत सगळं चालतं. “ही लढाई होती होय?” म्हणाले, आणि पेटीची किल्ली शोधत राहिले.

धाकटा सभेला आलाच नव्हता.

सोमवार, ३० जून

या आठवड्यात सेक्रेटरींचे शर्ट आले नाहीत. गेल्या आठवड्यातही आले नव्हते. घरी धुवत असतील. कॉलरी बघवणार नाहीत.

रविवार, ६ जुलै

प्रभुभोजन. डावीकडे ट्रेमध्ये इवले इवले ग्लास, औषधाच्या टोपणाएवढे. उजवीकडे आमचा जुना प्याला, तळाशी पोचा आलेला.

मी धाकट्याचं कोपर धरलं आणि उजवीकडे नेलं. त्याचं कोपर लाकडासारखं होतं. डावीकडे ही गर्दी! गायकवर्गातल्या बाई, त्यांचे यजमान, अख्खी कमिटी. आणि आई. आईसुद्धा डावीकडे! तिचे गुडघे दुखतात, ती बाजू जवळ पडली असेल. तरी म्हटलं, निदान आज तरी चार पावलं जास्त चालली असती तर बिघडलं असतं?

आमच्या बाजूला मी, धाकटा, दोन म्हाताऱ्या ज्यांना घोषणा ऐकू आली नव्हती, बाकी कोणीच नाही. मी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. एकेकाच्या डोळ्यात. बघू देत त्यांना, मी बघतेय ते.

तेवढ्यात डावी रांग सोडून सेक्रेटरी आले. सरळ आले आणि धाकट्याच्या पलीकडे गुडघे टेकले. साहेब माझ्यापासून सुरू झाले. मग धाकटा. त्याने डोळे मिटून घोट घेतला. साहेबांचा रुमालाचा हात वर आला, आणि सेक्रेटरींनी पुसायच्या आधीच प्याला हातात घेतला. प्यायले. प्याला परत दिला. मान खाली.

साहेब रुमाल धरून तसेच उभे. पेटीवर यांचा सूर चुकला. पहिल्यांदा ऐकला मी!

कमिटीची निवडणूक सप्टेंबरमध्ये आहे, हे मला माहीत नाही असं सेक्रेटरींना वाटतं की काय? पण असो. शत्रू गुडघ्यावर आला. जिंकले!

मंगळवार, ८ जुलै

आई गाळायचा फडका वाळत घालत होती. वर न बघता म्हणाली, “ते ग्लास मीच सांगितले होते गं सेक्रेटरींना. माझं नाव घेऊ नका म्हटलं होतं. नाही घेतलं बिचाऱ्यांनी, तू एवढी बोललीस तरी.”

मी फडक्याचं दुसरं टोक धरलं.

“दोनदा पुसतात. माझ्या पोराचं तोंड पुसल्यासारखं वाटतं. म्हटलं, ग्लास आले की कोणाला पुसावंच लागणार नाही.”

संध्याकाळी सेक्रेटरींच्या दारात जायचं आहे. काय बोलायचं ते सुचत नाही. शर्ट मागेन.