झाकणातलं पाणी

प्रिय ताई,

उंदीर म्हणालीस मला. परवा फोनवर, सासूबाई शेजारी असतील-नसतील याचाही विचार न करता, म्हणालीस की ते दवाखान्यातले लोक विश्रामचा प्रयोगाचा उंदीर करताहेत आणि हा येडा दोन-तीनशे रुपड्यांसाठी हात पुढे करतोय. वर फोन ठेवलास. दर वेळेस माझी बोलायची पाळी आली की तुझं दूध उतू जातं. म्हणून कागद घेतला. पत्र मधेच कट होत नाही. अक्षराला हसू नको, तूच गिरवून घेतलेलं आहे, आणि आठवीनंतर ते तिथंच थांबलंय.

मकरपुऱ्याच्या कंपनीतलं काम चालू आहे, लेथवर, सकाळची पाळी. सुई सोडून एक वर्ष चार महिने झाले. तुला खरं वाटत नाही. तुझ्या जागी मलाही वाटलं नसतं. पण मंगळवारी संध्याकाळी मी दवाखान्यात जातो ते टोचून घ्यायला नव्हे. वसुंधरा मॅडम म्हणून एक डॉक्टर आहेत. नशा करणाऱ्यांत लिव्हरची कावीळ, हिपॅटायटिस सी म्हणतात ती, कशी पसरते ते त्या शोधताहेत. त्यांनी आम्हा सात जणांना आपल्या टेबलाशी बसवलंय, सोडलेले चार आणि न सोडलेले तीन. काय विचारायचं ते आम्हीही ठरवतो, विचारायला आम्हीच जातो. आमच्यात म्हातारे हिंमतराव, अस्सल बडोद्याचे, पणजोबा फौजेत होते म्हणून अजून छाती काढून चालतात. पहिल्या दिवशी आपल्या अर्ध्या गुजरातीत म्हणाले, आठवी नापास ने संशोधक, म्हणजे नापास आणि वर संशोधक! मॅडमला बोल, माझ्या नावापुढे पण डॉक्टर लावा.

फॉर्मवर प्रश्न होता, दुसऱ्याची सुई वापरता का. जो तो नाही म्हणायचा. ते खोटंही नव्हतं, नवी सुई दवाखान्यातून फुकट मिळते, ज्याची त्याला. मॅडमना कळेना, सुया वेगळ्या तर आजार एक कसा. मी बसल्या जागेवरून बोलून गेलो, मॅडम, पाण्याचं विचारा. कंपनीच्या भिंतीमागं जेवणाच्या सुट्टीत चौघांत पाण्यानं भरलेलं बाटलीचं एकच झाकण असायचं. चौघं नशेसाठी त्यातूनच सुईत पाणी ओढणार, आणि टोचून झालेली सुई कुणी परत त्यातच बुडवणार. सुई आपापली म्हणून आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं विश्राम, पण विचारायचं सुचलं नाही. पुढच्या मंगळवारी तो प्रश्न फॉर्मवर छापून आला. एकसष्ट जणांना विचारलं, चव्वेचाळीस हो म्हणाले. आता सुईबरोबर पाण्याची सीलबंद कुपीही देतात. ताई, उंदराला कुणी प्रश्न विचारत नाही, आणि उंदराचं ऐकून कुणी कागद बदलत नाही.

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आमचंच झाकण घोळतंय. चौघं होतो. मला तो आजार निघाला. तुला सांगितलं नव्हतं. बारा आठवडे रोज गोळी घेतली, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि रिपोर्ट साफ आला. दुसरे हिंमतराव, त्यांच्या गोळ्या चालू आहेत. तिसरा हार्दिक, पादरा गावचा, राखीला माझ्यासोबत आला होता आणि तू वाढशील तेवढ्या पुरणपोळ्या खात बसला होता, तो. दिवाळीआधी गेला. पोटात पाणी भरलं होतं. त्याची तपासणी कुणी केलीच नाही. आणि चौथ्याची अजून झालेली नाही.

आमच्या टेबलाचा पहिला नियम असा, की दुसऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय खोलीबाहेर न्यायचं नाही. पाच महिने मी ते नाव गिळून बसलो. त्याला तीनदा फोन केला, तीनदा त्यानं विषय बदलला. चौथ्यांदा मी मंगळवारी लोकांना प्रश्न विचारताना करतो तसं केलं. आधी सांगितलं, नाही म्हटलं तरी चालेल, मी रागावणार नाही. मग गप्प बसलो. तुला माहितीये, चहा उकळेपर्यंत मला गप्प राहवत नाही. त्या दिवशी राहिलो. बऱ्याच वेळानं तो रडला, म्हणाला, माझ्या तोंडून निघणार नाही, तूच तिला लिही.

ताई, चौथे आपले दाजी. कंबर दुखते असं सांगून दोन वर्षांपूर्वी ते मकरपुरा सोडून चाळीसगावला आले, ते ह्यातून सुटायलाच आले होते, आणि सुटलेत, एवढं मी शपथेवर सांगतो. बायकोचा भाऊ म्हणून मला पहिला मान द्यायचे. झाकण आधी माझ्यापुढे, स्वतः सगळ्यात शेवटी. शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यांचं येतं, हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं ना मला. तुला पाचवा महिना आहे. एका ताटात जेवल्यानं, लेकीला, सानवीला मांडीवर घेतल्यानं हे लागत नाही, पण त्यांच्या दाढीचं पातं कुणाला वापरू देऊ नको, आणि जळगावच्या सिव्हिलमध्ये दोघांचंही रक्त तपासून घ्या. निघालंच तर त्यांना गोळ्या आहेत, तुझं डॉक्टर सांगतील. तोवर त्यांना बोलू नको. रिपोर्ट आला की आम्हा दोघांना एकदमच बोल, मी रजा टाकून येतो.

फोन उचल,
तुझाच
विश्राम

गाडीभाड्याला आणि त्यांच्या बुडणाऱ्या रोजाला माझं आठ मंगळवारांचं मानधन तुझ्या खात्यावर टाकतोय, चोवीसशे रुपये.