पोरी पवायला शिकल्या पाहिजेत

२ मे, शुक्रवार
अनूनं आज विचारलं, "मम्मी, पोरं विहिरीत उड्या मारतेत, आमी कावून न्हाई?" मी शिलाई मशीन चालवत राहिले. पण दिवसभर तेच डोक्यात.
मला पवता येतं. माहेरी लोकर कातरायच्या आधी मेंढ्या नदीत धुवायच्या, तिथंच आबांनी शिकवलं. दिंद्रुडला लग्न होऊन आले, तेरा वर्षं झाली. एकदाही पाण्यात उतरले नाही.
मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या कविताची थोरली कालव्यात गेली. बादली वाहत चालली म्हणून वाकली होती. काठावर चार पोरी होत्या. एकीलाही पवता येत नव्हतं.
शिकवायचं. ठरलं.

३ मे
बापूरावांकडे गेले. नीट पायऱ्यांची विहीर त्यांचीच. "पोरींचं काय काम विहिरीत? काही झालं तर पोलीस माझ्या दारात." मी म्हणलं, पवता येत न्हाई म्हणूनच तर होतं. ते म्हणाले, बघू.
म्हणजे नाही. उद्या परत.

५ मे
तिसरी खेप. आज त्यांची सून आतून बोलली, "मामा, आपली चिऊ बी जाईल." बापूराव बराच वेळ मिशी चोळत बसले. "सकाळी सात ते आठ. मोटरचा फ्यूज मी सोता काढून ठेवीन. आठला सगळे बाहेर."
घरी यांना सांगितलं. "लोक काय म्हणतील?" म्हणाले. जेवले. मग माळ्यावरून नवा कासरा काढून दिला.

७ मे, बुधवार
पहिला दिवस. चौघी. पाठीला तेलाचा रिकामा कॅन, कमरेला कासरा, दुसरं टोक माझ्या हातात. अनूच्या नाकातोंडात पाणी गेलं. लई रडली. मीच रडवली असं वाटलं. तरी परत उतरवली.

९ मे
किराणा दुकानात एक बाई मला ऐकू जाईल असं बोलली, मोठाल्या पोरी ओल्या कपड्यात... बरं. कापडं उरलेली आहेतच. गडद रंगाचे, गुडघ्याखाली येणारे सात सदरे शिवले. बोट टोचलं दोनदा.

१२ मे
आठ जणी. अनू कॅन सोडून पायरीपासून पलीकडच्या पायरीपर्यंत पवत गेली! चिऊ अजून कासरा सोडत नाही.
कविताची धाकटी दीपाली रोज बांधावर येऊन बघते. आज कविता आली अन् दंडाला धरून तिला नेलं. जाताना मला म्हणाली, "एक गेली, पुरं न्हाई झालं का?"


१५ मे, गुरुवार
तिच्या घरी गेले. जायचंच होतं, तीन दिवस टाळलं. चहा ठेवला तिनं. मग एकदम, "तुला पवता येत व्हतं. तवा तू कुठं व्हतीस?"
"मशीनवर."
खरं तेच. ब्लाउज शिवत होते. मशीनच्या आवाजात ओरडा ऐकू आला तो उशिरा...
चहा तसाच राहिला. निघताना म्हणलं, दीपालीला पाठव.

१६ मे
दीपाली आली नाही. बापूराव म्हणाले, मंगळवारपासून उसाला पाणी सोडायचं, मोटर सकाळपासून चालू. म्हणजे तीन सकाळी हातात. दुसरी विहीर बघायला हवी. दत्ताभाऊंची आहे, पण कठडा नाही. विचारते.

१७ मे, शनिवार
साडेसातला कविता आली. एकटी. जुनं लुगडं, ओचा घट्ट खोवलेला.
"आधी मला शिकव. मग पोरीचं ठरवते."
हात धरून उतरवलं. चौथ्या पायरीवर थांबली, पाणी पोटरीला. माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली. "सोडू नको बरं." न्हाई सोडत, म्हणलं.
आठ वाजले. वरून बापूरावांची हाक आली. पोरी एकेक करून बाहेर निघाल्या. कविता पाण्याकडं बघत तिथंच उभी.